परमिट वर्षाचं, पण जर्मनीत सहाच महिने

काका, तुमची मुलगी दोन वर्षांसाठी जर्मनीत स्टुटगार्टला निघाली आहे आणि पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओतून काढलेलं गाडी चालवण्याचं आंतरराष्ट्रीय परमिट तिथे वर्षभर चालेल, असं तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलंय. कृपया त्यावर विसंबू नका. वर्ष ही त्या पुस्तिकेची मुदत झाली. जर्मनीत राहायला गेलेल्याला भारतीय लायसन्सवर ६ महिनेच गाडी चालवता येते, तेही वास्तव्य सुरू झाल्यापासून. गाडी हातात कधी घेतली याला महत्त्व नाही. मुक्काम १२ महिन्यांच्या आतला आहे हे पटवून दिलं तर मुदत वाढवून मिळू शकते, पण दोन वर्षांचा करार असताना तो मार्ग बंदच. पुढे चालवत राहिलं तर तो तिथे फौजदारी गुन्हा ठरतो. मला काळजी वाटते ती याचीच.

भारतीय लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीतून देता येते. ठरावीक तासांच्या शिकवणीची सक्ती मात्र नाही, कारण हातात आधीचं लायसन्स असतं. तरी थोडे तास घ्याच. फलक किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम पुण्यात गाडी शिकलेल्याच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. तिथल्या लायसन्ससाठी लागणारा प्रथमोपचाराचा कोर्स आणि डोळ्यांची तपासणी पहिल्या महिन्यातच उरकायला सांगा. आणि तिचं इथलं लायसन्स वर्षभरात संपणार असेल, तर निघण्याआधीच नूतनीकरण करून घ्या.