मदत हवी आहे: ओलिताच्या डिझेल इंजिनात तळणीचे वापरलेले तेल मिसळावे काय, आणि किती?

नमस्कार मंडळी,

आमचे वावर यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात अडाण नदीला लागून आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, आणि सोयाबीन निघाल्यावर हरभरा व थोडा गहू असा आमचा क्रम असतो. नदीकडच्या बाजूला विजेची जोडणी नाही, त्यामुळे तिकडचे सारे ओलीत पाच एचपीच्या एका डिझेल इंजिनावर चालते. इंजिन एका सिलिंडरचे, हँडल मारून सुरू होणारे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे, पाण्याने थंड होणारे आणि इंधन थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारणारे आहे. हे सविस्तर लिहितो, कारण तेलावर चालणाऱ्या जुन्या संथ इंजिनांविषयी जे सांगितले जाते, ते या इंजिनाला लागू पडते की नाही, हाच माझ्या प्रश्नाचा गाभा आहे.

माझ्या आतेभावाचे जवळच रस्त्यावर नाश्त्याचे हॉटेल आहे. आलूबोंडे, कचोरी आणि भजी यांच्या कढयांतून त्याच्याकडे वापरलेले तेल नियमित निघते. तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटक (तेल वारंवार तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल पुन्हा खाण्यासाठी वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तरीही असे तेल स्वस्तात विकत घेऊन पुन्हा कढईत ओतणारे लोक बाजारात आहेत. ते त्यांना विकणे किंवा नालीत ओतणे, या दोन्ही गोष्टी आतेभावाला मान्य नाहीत, आणि मलाही नाहीत. त्याच तेलाने आमचा हरभरा भिजत असेल, तर त्याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालते यात नवल नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. अडचण आहे ती दाटपणाची. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटीस्टोक असतो, तर सोयाबीन किंवा सरकीच्या तेलाचा ३० ते ३५च्या घरात जातो, आणि तळून तळून तो आणखी वाढतो. असे तेल नोझलमधून धुक्यासारखे न फुटता जाड थेंबांनी पडते, आणि हे थेंब पुरते जळत नाहीत.

मागच्या रब्बीत आम्ही चार भाग डिझेल आणि एक भाग गाळलेले तेल असे मिश्रण काही पाळ्यांना वापरले. दुपारी इंजिन नेहमीसारखे चालले, पाण्याची धारही कमी झाली नाही, आणि धुराला भज्यांचा वास येई. पहाटे मात्र हँडल बराच वेळ मारावे लागे आणि सुरू झाल्यावर काही वेळ पांढरा धूर निघे. डिझेल फिल्टर नेहमीपेक्षा लवकर कोंदू लागला. उघडून पाहिला तर कागदाच्या घड्यांमध्ये पिवळसर, साबणासारखा थर बसला होता. हंगाम संपल्यावर मिस्त्रीने नोझल काढले, तेव्हा त्याच्या टोकावर, छिद्रांच्या भोवती, काळ्या कडक काजळीची कडी तयार झाली होती. एका छिद्राच्या तोंडावर ती इतकी पुढे आली होती की फवारा तिरपा पडत होता. मिस्त्रीने ते साफ करून दिले, पण पुढे काय करावे हे त्यालाही खात्रीने सांगता येईना.

मला विचारायचे आहे ते असे. या जातीच्या इंजिनाला तेलाचे प्रमाण किती ठेवावे, की मुळीच ठेवू नये? मिश्रण देण्याआधी तेल कितपत आणि कसे स्वच्छ करावे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नोझलची काजळी निदान काढून पाहता येते, पण आत पिस्टनच्या रिंगांना किंवा इंजिन ऑइलला काही होत असेल तर ते वेळीच कसे ओळखावे? हे एकच इंजिन आमच्यासह धुऱ्यापलीकडच्या काकांचेही वावर भिजवते. घाटे भरण्याच्या दिवसांत ते बसले, तर दोन घरांचे नुकसान होईल. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद

दादा, मी वर्धा जिल्ह्यात पंप आणि इंजिन दुरुस्तीचे काम करतो. तुम्ही लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे सांगणे सोपे जाते.

आधी फिल्टरविषयी. पिवळसर थर हा बेसनाचा बारीक चुरा, पाणी आणि गोठलेली चरबी यांचा असतो. हॉटेलात पाम तेल किंवा वनस्पती तूप वापरत असतील, तर आपल्याकडच्या डिसेंबरच्या पहाटे ते थिजते आणि फिल्टर बंद करते. असे तेल हिवाळ्यात घेऊच नका. फक्त सोयाबीन किंवा सरकीचे वेगळ्या टिपाडात साठवा. टिपाडाची तोटी तळापासून चार बोटे वर बसवा आणि तेल काही आठवडे हलवू नका. पाणी, मीठ आणि गाळ खाली बसतो, वरचे तेवढे काढून पाच मायक्रॉनच्या फिल्टर पिशवीतून गाळा. पाणी राहिले की नाही हे पाहण्यासाठी चमचाभर तेल तव्यावर तापवा. ते तडतडले तर ते टिपाड अजून तयार नाही. पाणी आणि मीठ इंधन पंपाच्या प्लंजरला (आतल्या दट्ट्याला) गंज आणतात, आणि तो भाग नोझलपेक्षा महाग पडतो.

प्रमाणाविषयी माझे मत स्पष्ट आहे. थेट फवारणीच्या इंजिनाला २० टक्क्यांच्या वर जाऊ नये. त्या मिश्रणाचा दाटपणा पाच सेंटीस्टोकच्या आसपास राहतो, निम्मे तेल घातले तर तो दहाच्या घरात जातो. संथ फेऱ्यांची, वेगळ्या ज्वलनकक्षाची जुनी इंजिने जास्त तेल सोसतात, तुमचे सोसणार नाही. पातळ करण्यासाठी पेट्रोल घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. त्याने आगीचा धोका वाढतो आणि ज्वलन बिघडते.

काजळी धरते ती मुख्यतः इंजिन थंड असताना आणि भार कमी असताना. म्हणून डिझेलची एक छोटी टाकी वेगळी बसवून तीन तोंडांचा कॉक लावा. इंजिन शुद्ध डिझेलवर सुरू करा, पाण्याचा हौद कोमट झाला की मिश्रणावर घ्या, आणि बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटे पुन्हा डिझेलवर आणा, म्हणजे पंप, नळी आणि नोझल यांत तेल राहत नाही. नोझलची परतीची नळी मिश्रणाच्या टाकीत सोडा. ती डिझेलच्या टाकीत गेली, तर चांगले डिझेलही हळूहळू तेलकट होते. टाकीला तांब्या-पितळेच्या नळ्या आणि साधे रबर टाळा, कारण तांब्याच्या संपर्कात तेल लवकर खराब होते आणि साधे रबर फुगते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मलाही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न जळलेले तेल रिंगांच्या बाजूने खाली उतरते आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळते. डिझेल गरम ऑइलमधून काही प्रमाणात उडून जाते, वनस्पती तेल उडत नाही. दाराच्या चौकटीला लावलेले जवसाचे तेल जसे वाळून पापुद्रा धरते, तसेच सोयाबीनचे तेलही उष्णतेने आणि हवेने हळूहळू घट्ट होते, फक्त त्याचा वेग कमी असतो. म्हणून पट्टीवरची ऑइलची पातळी रोज पाहा. ती न भरता वाढत असेल तर इंधन खाली उतरते आहे असे समजा आणि मिश्रण ताबडतोब थांबवा. ऑइल बदलण्याचे तास पुस्तकात दिले असतील त्याच्या निम्म्यावर आणा.

एक हिशोबही मांडतो. तुमचे इंजिन पुऱ्या भारावर तासाला साधारण एक लिटर इंधन घेते, म्हणजे पाच तासांमागे एक लिटर डिझेल वाचेल. त्यातून लवकर बदलायच्या ऑइलचा आणि फिल्टरचा खर्च वजा करा. वरची सगळी काळजी घेणार असाल तरच यात राम आहे. आणि हेच मिश्रण ट्रॅक्टरमध्ये घालू नका. अनेक ट्रॅक्टरांत रोटरी इंधन पंप असतो, त्याचे वंगण इंधनानेच होते, त्याला दाट तेल आणि कचरा चालत नाही. १ जानेवारी २०२३ नंतरच्या ५० एचपीवरील ट्रॅक्टरांना तर उत्सर्जनाचे नवे नियम लागू आहेत, त्यांच्या नाजूक इंधनयंत्रणेत असे तेल जाताच कामा नये.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

भाऊ, मनापासून आभार. आतेभावाला विचारले, कचोरीच्या कढईत पाम तेल असते आणि भज्यांच्या कढईत सोयाबीन, आणि आजवर दोन्ही एकाच डब्यात ओतले जात होते. आजपासून दोन डबे वेगळे केले आहेत. तीन तोंडांच्या कॉकचे कामही मिस्त्रीला सांगितले आहे. एकच शंका राहते. ऑइलची पातळी वाढली नाही, पण रिंगा काजळीने अडकू लागल्या, तर हेड न खोलता ते कळेल काय?

प्रतिसाद

कळेल, दादा. इंजिन गरम आणि भारावर असताना ब्रीदरच्या नळीजवळ (ऑइलच्या कप्प्यातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीजवळ) तळहात धरा. आज, मिश्रण सुरू करण्यापूर्वी, तेथून किती वाफ आणि हवा येते ते पाहून ठेवा आणि दर ऑइल बदलीला पुन्हा पाहा. हवेचा जोर वाढला, निळसर धूर येऊ लागला, किंवा बंद इंजिनाचे हँडल डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) न उचलता फिरवताना पूर्वीइतका दाब लागेनासा झाला, तर रिंगा अडकल्या असण्याची शक्यता धरावी. त्या वेळी शुद्ध डिझेलवर येऊन, भर ओलिताची वाट न पाहता हेड आणि पिस्टन काढून घ्या. नोझल मात्र प्रत्येक हंगामाच्या मध्यावर एकदा टेस्टरवर लावून फवारा आणि दाब तपासा. ते काम तासाभराचे आहे.