टेट मॉडर्नमधल्या १२० विटा: कला की आपली थट्टा?

ठाणेकर_लंडनात:
आईबाबा इकडे आलेत म्हणून रविवारी त्यांना टेट मॉडर्नला, म्हणजे इथल्या आधुनिक कलेच्या म्युझियमला नेलं (तिकीट नाही हे बाबांना आधीच सांगितलं, नाहीतर आलेच नसते). जुन्या पॉवर स्टेशनची बिल्डिंग, तो टर्बाइन हॉल, दोघं खूश. मग आल्या कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराच्या विटा. भट्टीच्या १२० विटा, दोन थर, लांबीला दहा नि रुंदीला सहा, जमिनीवर नुसत्या मांडलेल्या, सिमेंट नाही काही नाही. बाबांची सगळी नोकरी साइटवर गेली, ते म्हणाले अरे ही तर थप्पी आहे, मोजायला सोपं जावं म्हणून आम्ही अशीच लावायचो. मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?

टवाळ_कार्टं:
बाबा पन्नास वर्षं लेट! १९७६ ला इंग्लंडातल्या पेपरांनी हेच बोंबलून विचारलेलं, एकाने तर विटांवर निळा रंग फेकला.

शेवग्याची_शेंग:
अहो पण नाव तरी बघा, 'इक्विव्हॅलंट ८', म्हणजे समतुल्य. अशा आठ मांडण्या होत्या, प्रत्येकीत १२० च विटा, आकार वेगवेगळे. ठिपके तेवढेच पण रांगोळी दरवेळी वेगळी, तसं. त्यातली एकच बघून थप्पी म्हणणं घाईचं आहे.

खडूस_काका:
रांगोळीला हात वळावा लागतो हो. आणि पूर्ण गोष्ट सांगा की, १९६६ ला कोणी विकत घेतलं नाही तेव्हा आंद्रेनं विटा परत केल्या, टेटनं १९७२ ला घेतलं ते नव्या विटा आणून परत मांडलेलं. विटा बदलल्या तरी कलाकृती तीच! म्हणजे कला विटांत नाहीच, बिलात आहे.

शेवग्याची_शेंग:
गणपती दरवर्षी नवा आणता ना काका? तेव्हा नाही म्हणत देव बिलात आहे म्हणून.

खडूस_काका:
तिथे प्राणप्रतिष्ठा होते.

शेवग्याची_शेंग:
म्युझियम दुसरं काय करतं?

खडूस_काका:
दक्षिणा घेतं. बरं, हा मुद्दा तुमचा.

ठाणेकर_लंडनात:
😄 पण खरं सांगायचं राहिलंच. तिथे रॉथको या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांची एक खोली आहे, तिच्यात आई बसली ती वीस मिनिटं उठलीच नाही. मोठमोठे कॅनव्हास, मरून नि काळा, मंद उजेड. मला तर पाचव्या मिनिटाला कंटाळा आला. बाहेर आल्यावर म्हणाली, गुहागरच्या घरी दुपारी दारं लोटली की माजघरात असंच दिसायचं, आजी झोपलेली असायची. तिला रॉथको कोण ते माहीतही नाही.

खडूस_काका:
पाय दुखत असतील. दोन तास चालवलंत, बाक दिसला, बसल्या. आणि उजेड मुद्दाम कमी ठेवलाय, त्यात आमचं कपाटही गूढ दिसेल.

रानवारा:
काका, ती चित्रं मुळात न्यूयॉर्कच्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी काढलेली, १९५८ ची ऑर्डर. रॉथको तिथे जेवून आला आणि म्हणाला इथे नाही लावणार, पैसे परत. बिलवाली थिअरी इथे कशी बसवणार? पाय दुखले तरी आजीची आठवण येत नाही हो. मी स्वतः त्या खोलीत गुदमरले, पळत बाहेर आले, पण तेही काहीतरी झालंच ना. विटांपाशी मात्र काही म्हणजे काही झालं नाही, तिथे मी काकांच्या पार्टीत.

टवाळ_कार्टं:
आणि बाबांचं काय झालं शेवटी?

ठाणेकर_लंडनात:
बाबांनी विटांचा फोटो जुन्या ठेकेदार मित्राला व्हॉट्सॲप केला. त्याचं उत्तर आलं: माल बरा आहे, रेट काय लावलाय?