'किकबॅक'ला मराठीत काय म्हणावं? लाच, टक्केवारी की दस्तुरी?

रेवती_अनुवाद:
इराकच्या पुनर्उभारणीवरचा मजकूर मराठीत आणतेय. प्रकरण हिल्ला शहरातलं, 2004 च्या सुमाराचं. तिथल्या अमेरिकी नेतृत्वाखालच्या हंगामी प्रशासनाच्या पैशांचा हिशेब पाहणारा रॉबर्ट स्टाइन आणि अमेरिकी राखीव दलाचे काही अधिकारी फिलिप ब्लूम या कंत्राटदारालाच कामं देत होते. त्यात पोलीस अकादमी होती, करबलाचं ग्रंथालय होतं. बदल्यात ब्लूमकडून रोकड, गाड्या, दागिने. मी 'लाच' लिहिलं. संपादक म्हणतात, कामाच्याच पैशांतून मागे येतो त्याला वेगळा शब्द हवा.

सांगलीकर:
टक्केवारी! वडील रस्त्यांची छोटी कामं घ्यायचे. बिल निघालं की एमबीच्या, म्हणजे कामाच्या मोजमाप-वहीच्या, पानांत पाकीट घालून वही साहेबांच्या टेबलावर ठेवायची, थोड्या वेळाने रिकामी वही परत आणायची. आई विचारायची, "टक्केवारी गेली का?" 'लाच' हा शब्द घरात कधी ऐकलाच नाही.

जुना_वाचक:
टक्केवारी दहावीच्या निकालातही असते. 'दस्तुरी' घ्या. व्यवहारातून मधल्याने काढून घ्यायचा वाटा. आजोबांच्या तोंडी होता हा शब्द.

रेवती_अनुवाद:
काका, दस्तूर म्हणजे रीत. हिल्ल्यातला पैसा इराकच्याच तेलाचा होता. तो खाल्ला त्याला रीत कशी म्हणू?

शब्दवेडा:
फारसी कशाला? 'लाच' आपला आहे, संस्कृत 'लञ्चा'वरून आलेला. मोल्सवर्थच्या जुन्या शब्दकोशात अनुस्वारासकट 'लांच' आहे. आणि 'लुचपत' मला 'लुचणे'वरून आलेला वाटतो. वासरू लुचतं तसं.

जुना_वाचक:
अजिबात नाही, 'लुच्चा'वरून. आणि फारसी काढायची तर 'कागद' आणि 'दप्तर'ही काढा.

माजी_सुभेदार:
ताई, तुमच्या मसुद्यात 'कंत्राटी अधिकारी' आहे, ते आधी बदला. कंत्राटी म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीचा. 'कंत्राटं देणारा अधिकारी' लिहा. कुवेतमधल्या अरिफजान या अमेरिकी तळावरचे मेजर जॉन कॉकरहॅम तसे होते. बाटलीबंद पाण्यासारख्या पुरवठ्याची कंत्राटं द्यायचे, 90 लाख डॉलरहून अधिक घेतले, 2009 मध्ये साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. घरात सापडलेल्या वहीत कुणाकडून किती, हे हाताने लिहिलेलं होतं. कंत्राट मिळावं म्हणून दिलेला पैसा ही सरळ लाच. मी 26 वर्षं वर्दी घातली. मेजराच्या नावापुढे 'टक्केवारी' असा नरम शब्द मला चालणार नाही.

सांगलीकर:
नरम? ज्याच्या घरातून ती गेलीय त्याला विचारा सुभेदारसाहेब. बरं, हिल्ल्यात स्टाइनला 5 लाख डॉलरपर्यंतच मंजुरीचा अधिकार होता, म्हणून मोठी कामं फोडली. त्याला आमच्याकडे 'तुकडे पाडणे' म्हणतात, रेवतीताई, हाच शब्द ठेवा. आणि ब्लूम स्वतःच्याच वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने निविदा भरायचा, ती 'रिंग'.

शब्दवेडा:
'संगनमत' असताना 'रिंग' कशाला?

माजी_सुभेदार:
संगनमताला दोघं तरी लागतात. इथे निविदांची सगळी पाकिटं एकाचीच.

सांगलीकर:
हे मान्य. रिंगेत वेगवेगळे कंत्राटदार एकत्र बसून ठरवतात. ही 'डमी टेंडरं' झाली.

शब्दवेडा:
'बनावट निविदा' म्हणा.

सांगलीकर:
बनावट कशी? कागद खरे, शिक्के खरे. फक्त भरणारा एकच.