बुरूज जपायचा आणि टेकडी कोरायची? (यॉर्कचा क्लिफर्ड्स टॉवर)

धागाकर्ती: इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जाणारा प्रत्येक जण क्लिफर्ड्स टॉवर या टेकडीवरच्या दगडी बुरुजाचा फोटो काढतो. पण बुरूज तेराव्या शतकातला, खालची टेकडी त्याच्याही आधीची. १०६८ मध्ये इंग्लंड जिंकलेला राजा विल्यम द कॉन्करर याने देशाच्या उत्तर भागावर जरब बसवायला माती रचून ती उभारली आणि वर लाकडी गढी बांधली. मार्च ११९० मध्ये जमावाच्या भीतीने त्या गढीत शिरलेले सुमारे दीडशे ज्यू तिथेच मेले. बहुतेकांनी शरण जाण्याऐवजी स्वतःच जीव दिला. गढी जळाली. १९०२-०३ च्या खोदकामात टेकडीच्या पोटात जळकं लाकूड सापडलं.

या टेकडीच्या पायथ्यात शिरून ‘इंग्लिश हेरिटेज’ला (हा बुरूज सांभाळणारी संस्था) पर्यटक केंद्र बांधायचं होतं. २०१६ मध्ये नगरपरिषदेने परवानगी दिली, विरोधक कोर्टात गेले, २०१८ मध्ये बेत रद्द झाला. बरंच झालं!

प्रतिसाद १: ताई, अर्धीच गोष्ट सांगताय. एकोणिसाव्या शतकात तुरुंगाच्या भिंतीसाठी तो पायथा आधीच कापला होता. तुरुंग पाडल्यावर, १९३५ च्या सुमारास, तिथे नव्याने भर घातली. त्या भरावाला काय धक्का लागणार होता? माझ्या आईचे गुडघे गेलेत, टेकडीच्या पन्नासहून जास्त पायऱ्या आहेत, त्या ती चढू शकत नाही. खालीच चार गोष्टी कळल्या असत्या तर तिलाही ११९० समजलं असतं.

धागाकर्ती: आईंचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण ते केंद्र समोरच्या सपाट जागेवरही बांधता येतं, तिथे आजवर गाड्याच लागत आल्यात. भराव नवा असला तरी टेकडीचा आकार त्यानेच परत आला. जिथे माणसं मेली तिथे तिकिटाची खिडकी उघडायची, हे मला सोसत नाही.

प्रतिसाद २: मी ताईंच्या बाजूने. आमच्या गावच्या गढीची पांढरी माती लोकांनी घरांच्या धाब्यांसाठी गाड्या भरभरून नेली. दगड असता तर कुणीतरी ओरडलं असतं. मातीला वारसा म्हणायची सवयच नाही आपल्याला.

प्रतिसाद १: गढी लोकांनी पोखरली, इथे तर जपणारी संस्थाच बांधणार होती. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

धागाकर्ती: संस्थेनेच पुढे दुसरी वाट काढली ना! २०२२ मध्ये बुरूज पुन्हा उघडला तेव्हा आत चार लाकडी खांबांवर गच्ची उभी होती, आणि तिचा भार मातीत खोल न खणता पसरट पायावर घेतला होता.

प्रतिसाद १: आणि चाकाच्या खुर्चीला वर जायला वाट अजूनही नाही. समोरच्या जागेवर ते केंद्र होईल तेव्हा सांगा, आईला घेऊन येतो.