४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलरला सापडलं कसं?

पाटीपेन्सिल:
२^३२ + १ म्हणजे ४२९४९६७२९७. ही मूळ संख्या असणार असं १६४० च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं, कारण त्याच पठडीतल्या (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ आहेत. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की हिला ६४१ ने भाग जातो.

उत्तर माहीत असूनही मी वही घेऊन २, ३, ५, ७ असं क्रमाने भागत बसलो. दोन संध्याकाळी गेल्या, ६५ भागाकार झाले, तेव्हा कुठे ३१३ पर्यंत पोचलो. वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे आहे. म्हणजे उत्तर ठाऊक नसतं तर ६५४२ मूळ संख्या तपासायची तयारी ठेवायला हवी होती! ऑयलर असा भागत बसला असेल हे मला पटत नाही. त्याच्या हाताशी काय होतं?

वजाबाकी:
समजा ‘अ’ या मूळ संख्येने हिला भाग जातो. मग अ ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (म्हणजे भाग जायला १ कमी), आणि वर्ग केला की २^६४ ची बाकी १. त्याआधीच्या कुठल्याच घाताला १ येत नाही. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २^(अ−१) ची बाकीही १. बाकी १ देणारे घात ६४ च्या पटीतच येतात, म्हणून अ−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा.

आता ६४ च्या पटीत १ मिळवत जा आणि मूळ तेवढ्या ठेवा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते! त्यातही २५७ सोडून देता येते, कारण या पठडीतल्या कुठल्याही दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो. मला हळहळ वाटते ती एवढीच, की हत्यार फर्माचंच होतं.

शून्यापुढे:
भागाकार न करताही दिसतं. ६४१ = ६२५ + १६, म्हणून ६४१ च्या हिशेबात १६ च्या जागी −६२५ चालतं, म्हणजे −५^४. २^३२ = १६ × २^२८, तेव्हा ते झालं −(५ × १२८)^४. कंसात ६४०, म्हणजेच −१. चौथा घात १, बाहेर उणे. २^३२ ची बाकी −१ आली, त्यात १ मिळवा, शून्य. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पान उलटायचं विसरलो होतो.

पाटीपेन्सिल:
वा! आणि उरलेला ६७००४१७? तो मूळ आहे हे हाताने पटवता येईल?

वजाबाकी:
येईल. पुढे लुका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ६४ ऐवजी १२८ घेता येतात. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८९ च्या आत. तिथवर २५७ वगळून उरतात फक्त ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९.

पाटीपेन्सिल:
आत्ताच केले चारही. बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२.