‘अंतिम फेरी’ आणि ‘प्लेऑफ’: गोल्फची बातमी मराठीत कशी लिहायची?

प्रश्न

क्रीडावृत्तांचा मजकूर तपासण्याचं काम करते. जुन्या मोठ्या सामन्यांवरच्या लेखमालेत २०२५ च्या मास्टर्स गोल्फ स्पर्धेचा लेख हाताशी आला आहे. त्यातलं एक वाक्य असं: ‘अंतिम फेरीत रोरी मॅकिलरॉयने जस्टिन रोझवर प्लेऑफमध्ये एका गुणाने मात केली.’ माझ्या सासऱ्यांनी ते वाचून लगेच विचारलं, ‘प्लेऑफ झाल्यावर अंतिम फेरी येते ना गं? इथे उलटं कसं?’ आयपीएल पाहणाऱ्या कुणालाही हेच वाटेल. ‘प्लेऑफ’ला चांगला मराठी शब्द आहे का? आणि ‘अंतिम फेरी’ ठेवायची की बदलायची?

प्रतिसाद १

तुमच्या सासऱ्यांची शंका अगदी रास्त आहे. माझ्या मते त्या वाक्यात ‘प्लेऑफ’पेक्षा ‘अंतिम फेरी’ जास्त घोटाळा करते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

मराठीत ‘अंतिम फेरी’ म्हटलं की उपांत्य फेरी जिंकून आलेले दोन खेळाडू किंवा दोन संघ डोळ्यांपुढे येतात. ‘अंतिम फेरीत धडक’ हा मथळा आपल्या हाडीमासी खिळलेला आहे. गोल्फमध्ये असं कुणी कुणाला बाद करत वर येत नाही. चार दिवस, रोज १८ होल (चेंडू खळीत घालायचे एकेक टप्पे), एकूण ७२. या प्रत्येक दिवसाच्या १८ होलना फेरी म्हणतात. मास्टर्समध्ये दोन दिवसांनंतर पहिले ५० आणि पन्नासाव्या क्रमांकाशी बरोबरीत असलेले पुढे खेळतात, बाकीच्यांची स्पर्धा तिथे संपते. म्हणजे शेवटच्या फेरीतही मैदानावर पन्नासच्या वर लोक असतात आणि प्रत्येक जण स्वतःचेच फटके मोजत असतो. इथे ‘अंतिम फेरीत मात केली’ म्हटलं की चित्र पार बदलतं. ‘चौथी फेरी’ लिहा, किंवा ‘शेवटच्या दिवसाची फेरी’. दोन्ही निःसंदिग्ध आहेत.

एक अपवाद सांगून ठेवते. गोल्फमध्ये मॅचप्ले नावाचा प्रकार आहे, त्यात दोघं समोरासमोर असतात. पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा १९५७ पर्यंत तशीच खेळली जायची. त्या काळाबद्दल लिहिताना ‘अंतिम फेरी’ बिनदिक्कत वापरा.

आता ‘प्लेऑफ’. आयपीएलमध्ये तो साखळी सामन्यांनंतरचा टप्पा आहे आणि तो होणारच असतो, वेळापत्रकात छापलेला असतो. गोल्फमधला प्लेऑफ मुळात ठरलेलाच नसतो. ७२ होल झाल्यावर पहिल्या क्रमांकावर बरोबरी असेल तरच तो होतो. नाव एक, पण कामं दोन, म्हणून नुसता शब्द ठेवून भागत नाही. पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच अर्थ घाला: ‘बरोबरी सोडवण्यासाठी प्लेऑफ झाला’. पुढे मग ‘प्लेऑफ’ चालेल.

प्रतिसाद २

‘बरोबरी सोडवणे’ वापरताना जपा. आपल्याकडे ‘सामना बरोबरीत सुटला’ म्हणजे निकाल लागलाच नाही. ‘बरोबरी सुटली’ म्हणजे निकाल लागला. एका ‘त’ने अर्थ उलटा होतो. कुस्तीच्या फडातही ‘बरोबरीत सोडवली’ आणि ‘निकाली झाली’ ही एकमेकांविरुद्ध टोकं आहेत. घाईत वाचणारा ‘सोडवली’ एवढंच पाहतो आणि फसतो. फुटबॉलच्या बातम्यांत रुळलेली ‘बरोबरीची कोंडी फुटली’ ही शब्दयोजना मला जास्त सुरक्षित वाटते.

प्रतिसाद ३

मी खो-खो आणि कबड्डीत वाढलो, त्यामुळे मला यात परकं काहीच वाटत नाही. कबड्डीत बरोबरी झाली की पाच-पाच चढाया, तरीही बरोबरी राहिली की सुवर्ण चढाई. खो-खोत जादा डाव, आणि त्यानंतरही समान गुण असतील तर लघुत्तम आक्रमण: ज्याने कमी वेळात गडी टिपला तो जिंकला. बरोबरी कशी फोडायची याची इतकी नेमकी नावं ज्या भाषेत आहेत, तिने गोल्फच्या बाबतीत हात का आखडावा? ‘जादा डाव’च्या चालीवर ‘जादा होल’ सरळ बसतो. ‘जादा होलमध्ये मॅकिलरॉय विजयी’. कुणालाही समजेल.

प्रतिसाद १ लिहिणारी पुन्हा

‘जादा होल’ फार आवडला. मथळ्यासाठी तर उत्तम, आणि ‘प्लेऑफ’चा आयपीएलशी होणारा गोंधळही टळतो. लघुत्तम आक्रमणाची आठवण तर मोलाची आहे, कारण गोल्फमध्येही कमी तो वरचढ. वरच्या वाक्यातला ‘एका गुणाने’ म्हणूनच काढून टाकला पाहिजे. मास्टर्ससारख्या स्पर्धेत गुण नसतात, फटके असतात. दोघांचे एकूण फटके २७७ झाले; तिथे ‘२७७ गुण’ लिहिलं की वाचक ते जास्त असणं चांगलं समजणार. ‘२७७ फटके, म्हणजे पारपेक्षा ११ कमी’ असं लिहा. पार म्हणजे ठरवून दिलेले अपेक्षित फटके. मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टाच्या मैदानाचा पार ७२ आहे, चार फेऱ्यांचा २८८. त्यातून २७७ वजा केले की ११.

आणि ‘एका फटक्याने मात’ हेही इथे चुकीचं ठरतं, यावर मी अडून बसेन. प्लेऑफमधले फटके एकूण फटक्यांत धरत नाहीत. रोझच्या फेऱ्या ६५, ७१, ७५, ६६ आणि मॅकिलरॉयच्या ७२, ६६, ६६, ७३. दोन्ही बेरजा २७७. स्पर्धेच्या नोंदीत दोघांसमोर तोच आकडा राहिला, फक्त नावं वर-खाली. तीन दिवसांनंतर रोझ सात फटके मागे होता! ते सगळं अंतर त्याने एका दुपारी भरून काढलं. अशा माणसाबद्दल ‘एका फटक्याने हरला’ लिहिणं त्याच्यावर अन्याय आहे. ‘फटके समान, जादा होलवर उपविजेता’ हे खरं आहे. त्यातून ऑगस्टाला प्लेऑफमध्ये हुकण्याची त्याची ही दुसरी वेळ होती. २०१७ मध्ये सर्जिओ गार्सियासमोर तसंच झालं होतं.

प्रतिसाद ४

‘सडन डेथ’चं काय करायचं? ‘आकस्मिक मृत्यू’ असं भाषांतर मी छापलेलं पाहिलं आहे. क्रीडापानावर ते वाचून दचकायला होतं.

प्रतिसाद ५

ते भाषांतर नकोच. पण नियम समजावून सांगणं गरजेचं आहे, कारण सगळे प्लेऑफ ‘सडन डेथ’ नसतात आणि बातम्यांत सरसकट तसं लिहिलं जातं. चार मोठ्या स्पर्धांत तीन वेगळ्या रीती आहेत. मास्टर्समध्ये पहिला फरक पडताच खेळ संपतो: आधी १८ वा होल, मग १० वा, आणि बरोबरी सुटेपर्यंत हेच दोन आलटून पालटून. पहिल्या फरकाला खेळ संपवण्याची रीत तिथे पहिल्यांदा १९७९ साली प्रत्यक्षात वापरली गेली, तेव्हा फझी झेलर जिंकला. द ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तीन होलचे फटके एकत्र मोजतात, यूएस ओपनमध्ये दोन होलचे. एका होलवर मागे पडलेला पुढच्या होलवर सावरू शकतो, म्हणून तिथे सुरुवातीलाच ‘सडन डेथ’ म्हणता येत नाही.

यूएस ओपनमध्ये तर २०१८ मध्ये नियम बदलेपर्यंत दुसऱ्या दिवशी अख्खी १८ होलची फेरी खेळवत. २००८ साली टॉरी पाइन्सच्या मैदानावर टायगर वुड्स आणि रोको मेडिएट सोमवारी पुन्हा उतरले, दोघांनी ७१ फटके घेतले, पुन्हा बरोबरी! मग एकोणिसाव्या जादा होलवर, म्हणजे एकूण ९१ व्या होलवर वुड्स जिंकला. त्या सोमवारच्या खेळाला ‘जादा होल’ शोभत नाही, ‘जादा फेरी’च म्हणावं लागेल.

मास्टर्सच्या रीतीला मी ‘पहिल्या फरकाला निकाल’ असं लिहीन. लांब वाटलं तर ‘निकाली होल’. कबड्डीवाल्यांची ‘सुवर्ण चढाई’ आहे म्हणून ‘सुवर्ण होल’ मात्र नको. सुवर्ण चढाई एकच असते, इथे होल कितीही लागू शकतात.

प्रतिसाद ३ लिहिणारा पुन्हा

पटलं. ‘निकाली’ला फडातली धार आहे. फक्त ज्या होलवर फरक पडला त्यालाच ‘निकाली होल’ म्हणावं, आधीचे सगळे जादा.

प्रतिसाद ६

एक भर घालते, आपल्या मातीशी नातं असलेली. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बन लाहिरीने २०१५ ची इंडियन ओपन दिल्ली गोल्फ क्लबवर अशीच जिंकली. शेवटच्या दिवशी तो एसएसपी चौरसियापेक्षा सात फटके मागून सुटला होता, म्हणजे रोझच्या इतकाच मागे. दोघंही २७७ वर आले आणि पहिल्याच जादा होलवर बर्डी (त्या होलच्या पारपेक्षा एक फटका कमी) घेऊन लाहिरी जिंकला. मागून येऊन गाठणाऱ्याचं कधी साधतं, कधी नाही. ‘बर्डी’, ‘पार’, ‘बोगी’, ‘ग्रीन’ (खळीभोवतीची गुळगुळीत हिरवळ), ‘पट’ (ग्रीनवरून खळीकडे हलकेच मारलेला फटका) हे शब्द मात्र जसेच्या तसे ठेवा. ‘होल’साठी कुणी गोट्यांतला ‘गल’ सुचवेल, शब्द गोड आहे, पण गोल्फमध्ये टीपासून, म्हणजे पहिला फटका मारतात तिथपासून, ग्रीनपर्यंतच्या सबंध पट्ट्यालाही ‘होल’च म्हणतात. ऑगस्टाच्या १८ व्या होलचा ४६५ यार्डांचा पट्टा ‘गल’मध्ये मावणार नाही.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. परिच्छेद असा बांधला आहे, पाहाल का?

‘चौथ्या फेरीत जस्टिन रोझने ६६ फटके घेत एकूण २७७, म्हणजे पारपेक्षा ११ कमी, अशी नोंद केली आणि तो थांबून राहिला. मागून येणाऱ्या रोरी मॅकिलरॉयला जिंकायला १८ व्या होलवर पार पुरेसा होता. त्याचा दुसरा फटका ग्रीनलगतच्या वाळूत गेला. तिथून चेंडू त्याने जवळ आणला, पण पाचेक फुटांचा पट हुकला. फटके समान झाले. बरोबरीची कोंडी फोडण्यासाठी दोघं त्याच १८ व्या होलवर परतले. या खेपेला मॅकिलरॉयचा दुसरा फटका ग्रीनवर झेंड्याच्या पुढे पडला आणि उतारावरून मागे घरंगळत काठीजवळ आला. रोझचा बर्डीचा पट हुकला, मॅकिलरॉयचा गेला. पहिल्याच जादा होलवर निकाल लागला आणि चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा मॅकिलरॉय सहावा गोल्फपटू ठरला.’

प्रतिसाद १ लिहिणारी पुन्हा

वाक्यं चांगली वाहती आहेत. एकच सुचवते: ‘चारही मोठ्या स्पर्धा’च्या आधी ‘कारकिर्दीत’ घाला, नाहीतर त्याने त्या एकाच वर्षात जिंकल्या असं वाटेल. त्याने याआधी जिंकलेली मोठी स्पर्धा २०१४ ची होती, मधली जवळपास अकरा वर्षं रिकामी गेली. जागा असेल तर तेही लिहा, त्या पाच फुटांच्या पटाचं ओझं वाचकाला कळेल.