पक्षाघातानंतर गाणी ऐकवणं: उपचार की विरंगुळा?

खडीसाखर:
वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा गोळ्या, फिजिओ, पथ्य सगळं सांगितलं. गाण्यांचं नाव कुणी काढलं नाही. हेलसिंकीत तेप्पो सार्कामो आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षाघाताच्या रुग्णांचे तीन गट केले. एकाला रोज किमान तासभर स्वतःच्या आवडीची गाणी, दुसऱ्याला बोलकी पुस्तकं, तिसऱ्याला जादा काही नाही. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच. दोन महिने हे चाललं. शब्द लक्षात ठेवणं आणि लक्ष एकवटणं यांत गाणीवाले पुढे गेले, तिसऱ्या गटाच्या मानाने उदासीही कमी. मग डिस्चार्जच्या कागदावर ही एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

रोखठोक:
असहमत. शेवटपर्यंत टिकले 54 जण, म्हणजे गटागणिक 20 सुद्धा नाहीत. हातपाय सुधारल्याचा दावा त्यात नाहीच. आपल्याकडे 'अमुक रागाने लकवा बरा' असले फॉरवर्ड आधीच फिरतायत. कागदावर लिहिलंत की लोक फिजिओला खाडे करणार!

उंबरठा:
दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताय का? माझ्या काकूंची वाचा गेलीय. 'पाणी' म्हणता येत नाही, हाताने तांब्या दाखवतात. आरती मात्र अख्खी म्हणतात. स्पीच थेरपिस्ट त्यांच्याकडून छोटी वाक्यं सुरात म्हणवून घेते, डाव्या हाताने ठेका धरायला लावते. ही पद्धत अमेरिकेत 1973 पासूनची. पण ते गाऊन शिकणं झालं, नुसतं ऐकणं नव्हे. आणि आरती आली म्हणून पाणी मागता येतं, असंही नाही.

रोखठोक:
तेच तर! शिकवायला माणूस लागतो. मोबाइल उशाशी लावून ठेवला की घरच्यांना वाटतं, झाले उपचार.

खडीसाखर:
फिजिओ सोडा असं कोण म्हणतंय? उरलेला दिवस माणूस छताकडे बघत काढतो, तेव्हाचं बोलतेय. बोलकी पुस्तकं ऐकणाऱ्यांनाही काहीतरी कानावर पडतच होतं, तरी फरक दिसला, त्याचं काय?

उंबरठा:
फरक दिसला तो ज्याच्या त्याच्या आवडीच्या गाण्यांनी, हे विसरू नका. आमच्याकडे दिवसभर भजनं लावतात. काकूंना लावणी हवी असते, पण सांगणार कशा?

रोखठोक:
हे मात्र पटलं. आधी आवड विचारा, मानेने हो-नाही तर करता येतं ना? पण डिस्चार्जच्या कागदाला माझा विरोध कायम.